आणखी एक वर्ष: स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला घरून किती आणि कुठवर पैसे द्यावेत?

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातील एका कुटुंबाचे आहे. कुटुंबाच्या संमतीने ते लिहिले असून ओळख पटू नये म्हणून गाव, नोकरीचे काही तपशील आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत किंवा पूर्णांकात दिल्या आहेत. प्रस्तुत लेखक वडिलांचा जुना सहकारी असल्यामुळे जुलै २०२४ पासूनच्या बहुतेक चर्चांना उपस्थित होता.

पार्श्वभूमी

वडील अनुदानित शाळेत लिपिक. १९९३ साली नोकरीस लागल्यामुळे त्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू होती आणि ३१ मे २०२५ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी ते निवृत्त होणार होते. वाटणीत आलेली चार एकर जमीन, एक विहीर, सोयाबीन आणि तुरीची पिके. आई घर आणि शेत दोन्ही सांभाळते, शिवाय गावातील बचत गटाची सदस्य आहे. मुलगा २८ वर्षांचा, स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर. मुलगी २५ वर्षांची, जीएनएम ही परिचर्येची पदविका करून लातूरच्या एका खाजगी रुग्णालयात १९ हजार रुपयांवर परिचारिका.

मुलगा जून २०१८ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला गेला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरती जागा, दोन वेळची मेस, अभ्यासिका आणि एक नावाजलेला क्लास, अशी त्या भागातील हजारो मुलांची जी व्यवस्था असते तीच त्याची होती. ५ एप्रिल २०२० रोजी ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा करोनामुळे आणि इतर कारणांमुळे लांबत गेली आणि अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. तो मधला बराचसा काळ त्याने गावी काढला. ती पूर्व परीक्षा तो उत्तीर्ण झाला, पण मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला. पुढच्या पूर्व परीक्षेतही यश आले, आणि मुख्य परीक्षेत पुन्हा तेच झाले. २०२३ ची पूर्व परीक्षा मात्र गेली. त्याच वर्षी त्याने ४,६४४ जागांच्या तलाठी भरतीचा अर्जही भरला होता. त्या भरतीला दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते.

मुलगा आळशी होता किंवा पुण्यात मजा करत होता, असा समज करून घेऊन हे प्रकरण वाचू नये. तो पहाटे अभ्यासिकेत जाई आणि रात्री तिथूनच परते. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलेला उमेदवार लायक नाही असे म्हणता येत नाही, आणि निर्णय अवघड झाला तो नेमका याच कारणाने. मुलगा नालायक असता तर वडिलांना नाही म्हणणे सोपे गेले असते.

प्रश्न कसा उभा राहिला

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीने होणार हे ठरलेले होते. बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावावर बेतलेली सहा वर्षांची तयारी आता पुरेशी नाही, उत्तरलेखनाचा वेगळा क्लास लावावा लागेल, असे मुलाचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते. जुलै २०२४ मध्ये आषाढीला तो गावी आला तेव्हा त्याने वडिलांपुढे मागणी ठेवली: क्लासची फी १ लाख ४० हजार आणि पुढची दोन वर्षे महिना १४ हजार. एकूण पावणेपाच लाखांच्या आसपास.

वडिलांनी लगेच होकार दिला नाही, नकारही दिला नाही. चार दिवसांनी त्यांनी एक एकर विकण्याबद्दल गावातील एकाकडे चौकशी केली आणि ती बातमी आईच्या कानावर शेजारणीकडून आली. घरात पहिला मोठा वाद झाला तो पैशावरून झाला नाही, न विचारता चौकशी केल्यावरून झाला.

या टप्प्यावर वडिलांनी मला बोलावले. त्यांचा प्रश्न होता, "अजून एक वर्ष, अजून एक वर्ष म्हणत सहा झाली. आता थांब म्हणालो आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासोबतचा कुणी निवडून आला, तर तो मला जन्मभर काय म्हणेल?"

हिशेब

आतापर्यंत किती खर्च झाला हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. वडिलांचा अंदाज चार लाखांचा होता. पासबुक आणि मोबाईलवरील व्यवहार पाहून आम्ही मांडणी केली. करोनापूर्वीचे २२ महिने प्रत्येकी साडेआठ हजार, ऑगस्ट २०२१ पासूनचे ३५ महिने प्रत्येकी ११ हजार, अधूनमधूनचे काही महिने, क्लासचे ९० हजार, लॅपटॉप आणि पुस्तकांचे ४० हजार. बेरीज ७ लाख ४० हजारांवर गेली. वडिलांनी ती दोनदा तपासून पाहिली.

पुढचा हिशेब अधिक महत्त्वाचा होता. पगारातून भविष्य निर्वाह निधी आणि पतसंस्थेचा १७ हजारांचा हप्ता कापून वडिलांच्या हातात सुमारे ३७ हजार येत होते. घरखर्च आणि आईच्या मधुमेहाची औषधे मिळून साडेएकवीस हजार, पुण्याला ११ हजार. खत-बियाण्यांच्या हंगामात तोंडमिळवणी होत नसे, ती मुलीने दरमहा पाठवलेल्या सात हजारांतून होई. निवृत्तीनंतर अंशराशीकरण केले, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी आधीच घेतला, तर महिना साधारण २१ हजार निवृत्तिवेतन उरणार होते. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला असला तरी बाजारात त्याहून बरेच खाली विकावे लागत होते, त्यामुळे शेतीतून खर्च वजा जाता महिन्याला चार हजारांपेक्षा जास्त धरणे धाडसाचे ठरले असते. म्हणजे पतसंस्थेचे कर्ज आधी फेडून टाकले तरी जून २०२५ पासून घरात महिन्याला साडेतीन हजार शिल्लक राहणार होते. पुण्याचे ११ हजार निवृत्तिवेतनातून जाणे शक्यच नव्हते.

ते जाणार होते उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाच्या १४ लाखांतून. त्यातले तीन लाख पतसंस्थेला दिल्यावर ११ लाख उरतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तेव्हाच्या ८.२ टक्क्यांनी ते ठेवले तर वर्षाला सुमारे ९० हजार, म्हणजे महिन्याला साडेसात हजार व्याज सुटते. सेवानिवृत्तीमुळे ५५ ते ६० या वयात पैसे मिळालेल्यांनाही लाभ हाती आल्यापासून ठरावीक मुदतीत या योजनेत खाते उघडता येते, त्यामुळे वडील त्यासाठी पात्र होते. मुलाची मागणी पूर्ण केली तर सहा लाखांच्या आसपास रक्कम उरून व्याज महिन्याला चार हजारांवर येणार होते. भविष्य निर्वाह निधीतील बहुतेक रक्कम २०१६ साली घर बांधताना काढून झाली होती. मुलीचे लग्न किंवा तिचे पुढचे शिक्षण यांसाठी दुसरी तरतूद नव्हती.

हा कागद मुलाला दाखवावा की नाही, यावर आई आणि वडील दोघांचेही मत "नको" असे होते. त्याच्या अभ्यासावर परिणाम होईल, ही भीती. माझ्या मते या प्रकरणातील खरी चूक गेली सहा वर्षे इथेच होत होती. अभ्यास करणाऱ्या मुलाला घरच्या अडचणी कळू द्यायच्या नाहीत ही आपल्याकडची रीत मायेपोटी आलेली आहे, पण तिच्यामुळे २८ वर्षांचा माणूस स्वतःच्या आयुष्याचे निर्णय खोट्या माहितीवर घेत राहतो. त्याला वाटत होते की वडिलांना पगार आहे, शेती आहे, ताण आहे पण झेपतो आहे.

मुलगी बोलली तो दिवस

दुसरी बैठक मुलगी सुटीवर आलेली असताना झाली, आणि ती तिथे असणे ठरवून झालेले नव्हते. ती बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "दादाला पैसे द्यायला माझी ना नाही, अण्णा. पण त्यातले माझ्या पगारातून जातात हे त्याला माहीत असू द्या."

मुलाला ते खरोखरच माहीत नव्हते. बहीण पाठवते ते पैसे तिच्या लग्नासाठी बाजूला टाकले जातात असे त्याला सांगितलेले होते. तिला पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग (जीएनएमनंतरची पदवी) करायचे होते आणि दोन वर्षांपासून ती ते पुढे ढकलत होती, हेही त्या दिवशी प्रथमच घरात उघड बोलले गेले. कागद मग मुलाला दाखवण्यात आला.

विचारात घेतलेले पर्याय

सगळे पूर्ववत चालू ठेवणे आणि निवृत्तीच्या रकमेतून पावणेपाच लाख देणे हा पहिला पर्याय. त्याच्या बाजूने एकच पण वजनदार मुद्दा होता: खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ असल्यामुळे मुलाकडे नियमाने भरपूर वर्षे शिल्लक होती. पण हाच मुद्दा उलटाही लागू पडतो. आयोग थांबवणार नसेल तर थांबण्याची तारीख घरालाच ठरवावी लागते. २०२० च्या अखेरीस आयोगाने संधींची मर्यादा आणली होती आणि पुढे ती मागे घेतली, त्यामुळे बाहेरून येणारी ती अटही आता नव्हती.

जमीन विकण्याचा पर्याय वडिलांच्या मनात सर्वांत पुढे होता, कारण त्यात रोख पैसा एकदम मिळतो आणि निवृत्तीची रक्कम शाबूत राहते. परंतु जमीन वाटणीत आलेली, वडिलोपार्जित. हिंदू वारसा कायद्यातील महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा अशा मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि कोणताही सावध खरेदीदार बहिणीची सही मागितल्याशिवाय पुढे सरकत नाही. एका अपत्याच्या तयारीसाठी दुसऱ्याच्या हिश्श्याला हात लावायचा, तोही तिच्याच सहीने, हे उघड मांडल्यावर वडिलांनी तो विषय स्वतःच मिटवला. शिवाय एका विहिरीवर चालणारी चार एकरांची शेती तीन एकरांवर आली की निवृत्तीनंतरचे ते चार हजारही घटणार होते.

वैयक्तिक कर्ज काढणे निवृत्तीच्या तोंडावर व्यवहार्य नव्हते. सारथी, महाज्योती, बार्टी यांसारख्या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गातील निवडक उमेदवारांना प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. मुलाने अशा एका संस्थेची प्रवेश परीक्षा आधी दिली होती, पण निवड झाली नव्हती. तो मार्ग पुन्हा चाचपायचे ठरले, मात्र त्यावर हिशेब बांधायचा नाही असेही ठरले.

मदत तत्काळ बंद करण्याचा पर्याय मुलीने मांडला नाही, वडिलांनीही नाही. तो मुलाने स्वतः, रागाच्या भरात मांडला: "मग उद्यापासून एक रुपयाही पाठवू नका." आईने तो तिथेच फेटाळला. माझ्याही मते तो योग्य नव्हता, कारण पूर्व परीक्षा तेव्हा २५ ऑगस्टला ठरलेली होती आणि परीक्षेच्या महिनाभर आधी खोली सोडायला लावणे म्हणजे सहा वर्षांचा खर्चही वाया घालवणे.

कायद्याचा विषय एका नातेवाइकाने काढला म्हणून तोही पाहिला गेला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार सज्ञान आणि धडधाकट मुलाला पोसण्याचे बंधन आईवडिलांवर नाही, उलट स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीबाबत ते आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. ही माहिती चर्चेत फारशी उपयोगी पडली नाही, आणि पडायलाही नको होती. घरात कायदा वाचून दाखवला गेला की बोलणे थांबते.

घेतलेला निर्णय

जुलैच्या अखेरीस एका कागदावर पुढील गोष्टी लिहून चौघांनी सह्या केल्या. सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्वीप्रमाणे ११ हजार. ऑक्टोबरपासून मे २०२५ पर्यंत सात हजार, बाकीचे मुलाने अर्धवेळ कामातून उभे करायचे. जून २०२५ पासून घरून काहीही नाही. क्लासची फी द्यायची नाही, त्याऐवजी उत्तरलेखनाच्या टेस्ट सिरीजसाठी एकदाच २५ हजार. पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाल्यास मुख्य परीक्षेपर्यंत, पण जास्तीत जास्त सहा महिने, आठ हजार रुपये निवृत्तीच्या रकमेतून. मुलीचे सात हजार ऑगस्टपासून घरी यायचे नाहीत, ते तिच्या नावाच्या आवर्ती ठेवीत जायचे. जमीन विकायची नाही, नवे कर्ज काढायचे नाही. आणि शेवटची ओळ आईने घालायला लावली: मुलगा घरी परत आला तर त्याच्या जेवणाखाण्याला आणि राहण्याला कोणतीही तारीख नाही.

मदतीचा शेवट निकालाशी न बांधता तारखेशी का बांधला, याचे कारण सांगितले पाहिजे. परीक्षांच्या तारखांवर उमेदवाराचे नियंत्रण नसते, पण त्या लांबल्या की खर्च त्याच्याच घरावर पडतो. निकालाची अट घातली असती तर मदतीची मुदत आयोगाच्या वेळापत्रकाच्या हातात गेली असती.

अंमलबजावणी आणि पहिली कसोटी

कागदाची शाई वाळते न वाळते तोच कसोटी आली. कृषी सेवेच्या जागांचा समावेश करण्याची मागणी आणि आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षेशी जुळून आलेली तारीख यांवरून पुण्यात उमेदवारांचे आंदोलन झाले आणि २५ ऑगस्टची पूर्व परीक्षा पुढे ढकलली गेली. ती १ डिसेंबरला झाली. मूळ तारीख २८ एप्रिल होती हे लक्षात घेतले तर या एका परीक्षेच्या लांबणीचा खर्च, महिना ११ हजार या हिशेबाने, ७७ हजार रुपये होतो. सरकारच्या कोणत्याही हिशेबात ही रक्कम दिसत नाही, ती गावोगावच्या पासबुकांत दिसते.

मुलाचा फोन आला: परीक्षाच झाली नाही, मग ऑक्टोबरपासून कपात कशी? हा प्रश्न रास्त होता. दोन दिवस विचार करून वडिलांनी कपात तीन महिने पुढे नेली, म्हणजे डिसेंबरपर्यंत पूर्ण रक्कम दिली, पण जून २०२५ ही शेवटची तारीख हलवली नाही. यामुळे घराचे १२ हजार जास्त गेले. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता आणि तो त्यांनी कोणालाही न विचारता घेतला.

अर्धवेळ कामाबाबत मुलाने टाळाटाळ केली. साडेचार महिने त्याने काहीच शोधले नाही. जानेवारीत रक्कम खरोखरच सात हजारांवर आली तेव्हा एका क्लासमध्ये सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे साडेसहा हजारांचे काम त्याने धरले.

परिणाम

मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि पूर्व परीक्षेत तो राहिला. त्यानंतर काही आठवडे त्याने घरचे फोन घेतले नाहीत. बहिणीचे संदेश तेवढे तो वाचत असे. मे महिन्यात तो वडिलांच्या निरोप समारंभाला आला, जेवणाच्या पंगतीत वाढायला उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला परतला.

जूनमध्ये ठरल्याप्रमाणे वडिलांनी पैसे पाठवणे बंद केले. आईने मात्र बचत गटातून उचल घेऊन दोन महिने प्रत्येकी दोन हजार पाठवले. वडिलांना ते कळले, त्यावरून बोलाचाली झाली, पण त्यांनी ते थांबवले नाही. जुलैअखेरीस मुलाला चाकणजवळच्या एका बांधकामावर साइट अभियंता म्हणून २१ हजारांची नोकरी मिळाली. पदवीनंतर सात वर्षे कामाचा अनुभव नसलेल्या अभियंत्याला याहून जास्त कोणी देत नव्हते. त्याच्यासोबत पदवी घेतलेले त्या वेळी याच्या दुप्पट कमावत होते. आता तो आयोगाच्या संयुक्त परीक्षेचे अर्ज स्वतःच्या पगारातून भरतो आणि सुटीच्या दिवशी अभ्यास करतो.

वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज फेडून दहा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. मुलीने पोस्ट बेसिकला प्रवेश घेतला. तिच्या ठेवीत कमी पडलेले ६० हजार वडिलांनी दिले, आणि ते देताना मुलालाही तसे कळवले.

पूर्णवेळ दोन वर्षे आणि तो क्लास मिळाला असता तर निवड झाली असती, असे मुलगा आजही म्हणतो. ते खोटे ठरवण्याचे कोणतेही साधन कोणाकडे नाही. वडील आणि मुलगा यांच्यातील बोलणे पूर्वीइतके मोकळे राहिलेले नाही. दिवाळीला तो आला, पण दोनच दिवस राहिला.

वेगळे काय करता आले असते

हिशेबाचा कागद जुलै २०२४ मध्ये तयार झाला. तो दुसऱ्यांदा मुख्य परीक्षेत अपयश आले तेव्हाच, २०२३ मध्ये, व्हायला हवा होता. त्या वेळी मुलगा २७ च्या आत होता, नोकरीच्या बाजारात त्याची पदवी तुलनेने ताजी होती आणि वडिलांच्या हातात पगाराची दोन वर्षे होती. तेव्हा दिलेली दोन वर्षांची मुदत अधिक उदार असूनही निवृत्तीच्या रकमेला धक्का लावणारी ठरली नसती.

कामाची अट कागदावर होती पण तिला दात नव्हते. "बाकीचे स्वतः उभे करायचे" एवढेच लिहिले, कोणत्या महिन्यापासून आणि कसले काम हे लिहिले नाही. कपात पुढे गेली तेव्हा कामाची सुरुवातही आपोआप पुढे गेली. पूर्ण रक्कम चालू असतानाच दिवसातले तीन तास कामाला देण्याची सवय लागली असती तर जानेवारीचा धक्का कमी बसला असता.

निकालानंतरच्या आठवड्यांसाठी कोणतीही तरतूद केलेली नव्हती, ही उणीव सर्वांत गंभीर. पैसे कधी थांबणार हे ठरले, पण नापास झाला तर त्याच्याजवळ कोण जाऊन राहील हे ठरले नाही. मार्चमध्ये तो फोन घेत नव्हता तेव्हा अखेर बहीण रजा टाकून पुण्याला गेली. ते योगायोगाने झाले. अशा कुटुंबांनी रकमेच्या शेजारीच हेही लिहून ठेवावे.

शेवटची तारीख वडिलांच्या निवृत्तीशी जुळवण्यात सोय होती, पण त्यामुळे मुलाच्या मनात निवृत्ती आणि मदतबंदी एकच झाली. निरोप समारंभाच्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे होते त्याला हेही एक कारण असावे. दोन महिने अलीकडची किंवा पलीकडची तारीख हिशेबाला तितकीच चालली असती.

ज्या घरात दोन निवृत्तिवेतने आहेत, कर्ज नाही आणि दुसऱ्या अपत्याचे काही अडलेले नाही, तिथे हाच मुलगा आणखी दोन वर्षे पुण्यात राहिला असता तर त्यात गैर काही नव्हते. या कुटुंबात पुढच्या वर्षी मुलीच्या लग्नाचा विषय येईल, आणि त्या खर्चाचा कागद कोणी लिहायचा यावर अजून बोलणे झालेले नाही. मुलीने मात्र आपला आकडा आताच सांगून ठेवला आहे.